डोंगराअलीकडचं हसू

नांदगावला रेल्वे १८६० च्या दशकात आली. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग मनमाड सोडून इथून पुढे चाळीसगावला जातो, आणि गावाचा दिवस अजूनही बराचसा गाड्यांच्या वेळांवर चालतो. मुंबईला नोकरीला गेलेली माणसं, मुंबईचं वर्तमानपत्र, मुंबईतून घेतलेलं लग्नाचं कापड, सगळं त्या रुळांवरून आमच्याकडे येत राहिलं. मुंबईचं दूरदर्शन तेवढं आलं नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीचं केंद्र सुरू झालं, तेव्हापासून दशकभर तरी नांदगावातल्या पोरांनी टीव्ही फक्त ऐकला. म्हणजे टीव्हीविषयी ऐकलं.

टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की अडतात, अंतर वाढलं की जमिनीच्या गोलाईमुळे माणसांच्या डोक्यावरून निघून जातात. वरळीचा मनोरा आणि आमचं गाव यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा. पुण्यासाठी १९७३ मध्येच सिंहगडावर केंद्र झालं आणि पुणेकरांना मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. आमच्यासाठी असा गड कुणी शोधला नाही. आकाशवाणीचं तसं नव्हतं. मध्यम लहरी जमिनीच्या अंगानं लांबवर जातात, आणि रात्री तर आकाशातल्या वरच्या थरांवरून परतून खाली येतात. त्यामुळे रात्री जेवणं झाल्यावर मुंबई केंद्र खरखरत का होईना, पण लागायचं. आमचे कान मुंबईत आणि डोळे नांदगावात, अशी ती वर्षं गेली.

हे सगळं सांगायचं कारण असं की त्या काळातल्या मुलांच्या विनोदी मालिकांविषयी जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक मुंबई-पुण्यात वाढलेल्यांचं असतं. गिरगाव-दादरच्या चाळी, एका घरात टीव्ही, दारात चपलांचा ढीग, ‘किलबिल’ आणि ‘संताकुकडी’ या मुलांच्या कार्यक्रमांची वाट पाहणं. ती आठवण खरी आहे आणि सुंदरही आहे. पण डोंगराअलीकडच्या, तालुक्याच्या गावातल्या मुलांची आठवण निराळी आहे. आमच्यापर्यंत ते हसू उशिरा आलं, तुकड्यातुकड्यांनी आलं, पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडून आलं. म्हणूनच आम्ही त्याचं काय केलं हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

‘चिमणराव’ मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या ओट्यावर. मुंबईची मामेभावंडं मे महिन्यात यायची. दुपारी उन्हानं रस्ते ओस पडलेले, टँकरची वेळ व्हायला अवकाश, घरातली मोठी माणसं पंख्याखाली कलंडलेली. अशा वेळी थोरला मामेभाऊ आजोबांचा कोट चढवायचा, टोपी घालायचा आणि खांदे पाडून, मान पुढे काढून चालू लागायचा. धाकटा हातात काठी घेऊन गुंड्याभाऊ व्हायचा. त्यांनी ती मालिका आठवड्या-आठवड्यानं पाहिलेली होती आणि आम्हाला ती दोन-तीन दुपारींत एकदम मिळायची. दिलीप प्रभावळकरांचा चेहरा मला तेव्हा ठाऊक नव्हता, बाळ कर्व्यांचाही नाही. तरी चिमणराव भित्रा आहे पण मनानं सरळ आहे, गुंड्याभाऊ दणकट आहे पण या भावासाठी जीव टाकतो, हे त्या दोन पोरांच्या नकलेतून आम्हाला पुरतं कळलं होतं. अभिनयाची ताकद कुठवर पोचते याचा याहून चांगला पुरावा मी आजवर पाहिलेला नाही. वरळीच्या स्टुडिओतली चाल सह्याद्री ओलांडून नांदगावच्या ओट्यावर आली होती, तीही लहरींशिवाय.

मामेभावंडं परत गेली की तो खेळ आमच्याकडे राहायचा. मग त्यात बदल व्हायचे. आमच्या गल्लीत अर्धं बोलणं अहिराणीत चाले, म्हणून आमचा गुंड्याभाऊ दारात येऊन विचारायचा, “काय करी ऱ्हायना रे भाऊ?” पुण्याच्या वाड्यातली माणसं आमच्या हातात पडल्यावर कांद्याच्या भावाविषयी बोलायची, पॅसेंजर चुकवायची, पाण्याच्या रांगेत हंडे लावून भांडायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बसवलं नव्हतं. माल मुंबईचा होता, पण पोरांनी त्याला आपल्या गावाचं पाणी पाजलं होतं.

खरं तर तो माल मुंबईचाही नव्हता. चिं. वि. जोशी बडोद्यात राहून पाली भाषेचा अभ्यास आणि अध्यापन करणारे विद्वान गृहस्थ. त्यांनी चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ, राघू आणि मैना हे घर कागदावर उभं केलं त्याला मालिका निघेपर्यंत काही दशकं होऊन गेली होती. विजया जोगळेकर-धुमाळे यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते मुंबई दूरदर्शनवर आणलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या मालिकांपैकी ही एक. मालिका मुलांची म्हणून काढलेली नव्हती, पण मुलांनी ती आपली म्हणून उचलली. का उचलली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या घरात मोठी माणसं गोंधळतात, घाबरतात, फजीत होतात, आणि मुलं ते बघत असतात. प्रत्येक मुलाला आपल्या घराविषयी हे गुपित माहीत असतं. मोठ्यांना वाटतं आपलं सगळं ठीक चाललं आहे, मुलांना दिसत असतं की नाही चाललेलं. चिमणरावानं ते गुपित मोकळेपणानं सांगून टाकलं, आणि वर असंही दाखवलं की फजीत झालेला बापही प्रेम करण्याजोगा असतो. माझे वडील काही चिमणराव नव्हते. पण ती नक्कल बघून झाल्यावर संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्याकडे बघण्याची नजर जराशी मऊ झालेली असे.

मग १९८४ च्या आसपास चित्र पालटलं. इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ मध्ये वर गेला होता, आणि त्याच्या आधारानं देशभर कमी ताकदीची प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहू लागली. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून उतरवायचा आणि आसपासच्या थोड्या अंतरात पुन्हा सोडायचा, एवढंच त्यांचं काम. शहराबाहेरच्या कोट्यवधी लोकांच्या घरात टीव्ही आला तो या केंद्रांमुळे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आमच्यासारख्या गावांत टीव्ही शिरला तोच हिंदी बोलत. मराठी कार्यक्रम येत, पण आमचा पहिला जीव जडला तो दिल्लीहून येणाऱ्या चित्रावर.

गल्लीतला पहिला टीव्ही एका अण्णांकडे आला. लाकडी शटरचा, कृष्णधवल. कौलांवर लांबलचक बांबू, त्याच्या टोकाला अँटेना, आणि ती फिरवायला वर कायम एक पोरगा. वरून विचारणा व्हायची, “उनं का?” घरातून उत्तर यायचं, “उनं, उनं... गयं!” पडद्यावर मुंग्या पसरल्या की सगळ्या खोलीचा एकच सुस्कारा निघायचा. अण्णांच्या घरच्या काकूंनी कधी कुणाला दारातून परत पाठवलं नाही. चटई पसरून मुलं पुढे, बाया मागे भिंतीला टेकून, पुरुष दारात उभे. इतक्या वयांची, इतक्या जातींची, इतक्या घरांची माणसं एका वेळी एका गोष्टीला हसत आहेत, हे दृश्य मी त्याआधी फक्त तमाशाच्या कनातीत आणि कीर्तनात पाहिलं होतं.

त्या खोलीत मी पुष्कळ विनोद पाहिला. रघुवीर यादवांचा मुंगेरीलाल डोळे मिटून स्वप्नात जायचा तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं त्याच्याबरोबर मान कलती करायची. तेनाली राम राजाला तोंडघशी पाडायचा तेव्हा म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढे ‘दिदी’ नावाचा एक जर्मन विदूषक यायचा, डिटर हालरफोर्डन त्याचं खरं नाव. तो काय बोलतो याच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हतं, कारण सगळा विनोद त्याच्या अंगात होता. आमच्या खोलीत अशा काही आज्या होत्या ज्यांना हिंदीही धड कळत नव्हतं. मुंगेरीलाल पाहताना त्या नातवाला सारख्या विचारायच्या, काय म्हणला रं तो? दिदीच्या वेळी कुणालाच विचारावं लागायचं नाही. नातू आणि आजी एकाच क्षणी हसायची. हे मला फार मोलाचं वाटतं. चॅप्लिनच्या मूकपटांनाही तेच व्हायचं.

पण या सगळ्यांत ज्या मालिकेनं नांदगावला नांदगाव दाखवलं, ती मराठी नव्हती आणि महाराष्ट्रातलीही नव्हती. ‘मालगुडी डेज’. १९८६-८७ मध्ये ती दूरदर्शनवर आली. आर. के. नारायण यांच्या इंग्रजी कथा, दिग्दर्शक शंकर नाग, चित्रण कर्नाटकातल्या आगुंब्याला, स्वामीच्या भूमिकेत मास्टर मंजुनाथ, वडिलांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड, सुरुवातीची रेखाटनं नारायणांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची. लक्ष्मणांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस आमच्याकडच्या वाचनालयातही पोचलेला होता, त्यामुळे ती रेघ ओळखीची वाटली. शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला माणूस, हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि कळल्यावर नवल वाटलं नाही.

मालगुडी हे एक लहान रेल्वे स्टेशनचं गाव. तिथे एक नदी आहे, शरयू. एक शाळा, एक बाजार, जाणाऱ्या गाड्या. आमच्याकडेही स्टेशन, बाजार, शाळा. आणि नद्या दोन, शाकंबरी आणि लेंडी. वर्षातले कितीतरी महिने कोरड्या असतात, पण पावसात भरल्या की गावात शिरतात. आगुंबे म्हणजे भारतातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, आणि आमचा तालुका दुष्काळाच्या यादीत हमखास असणारा. निसर्ग अगदी उलटा. तरीही त्या दगडी ओट्यांवर, कौलांखाली, अभ्यासाचा कंटाळा आलेल्या त्या पोरात आम्ही स्वतःला ओळखलं. गाव लहान असलं की मुलाचं जग किती मोठं होतं, हे नारायणांना माहीत होतं. स्टेशनावर थांबलेली गाडी म्हणजे परदेश. नदीपलीकडचा मळा म्हणजे जंगल. हेडमास्तर म्हणजे सरकार.

त्यातला एक भाग माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. स्वामीचे वडील वर्तमानपत्रातली एका शूर मुलाची बातमी वाचतात आणि धैर्य म्हणजे काय यावर बोलता बोलता मुलाला आव्हान देतात, आज रात्री आजीजवळ नाही, माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोप. स्वामी सगळ्या युक्त्या करतो, पांघरुणात तोंड लपवून झोपल्याचं सोंग करतो, पण सुटका होत नाही. अंधाऱ्या खोलीत बाकाखाली गोळा होऊन पडलेला असताना त्याला एक हालचाल जाणवते, भूत समजून तो जवळ आलेल्या पायाला कडकडून चावतो, आणि तो निघतो घरात शिरलेला चोर. दुसऱ्या दिवशी सारं गाव त्याला शूर म्हणतं. त्या रात्री मात्र तो परत आजीच्या कुशीत.

हा भाग पाहताना खोली हसून हसून लोळली होती. मी बारकाईनं पाहिलं आहे, मुलं हसत होती ती स्वामीला नाही. ती स्वतःच्या भीतीला हसत होती. आमच्याकडे वीज कधीही जायची. अंधारात परसाकडे जायचं तर दहा-बारा वर्षांची पोरंसुद्धा आजीला हाक मारत. त्या भीतीविषयी घरात कुणी बोलत नसे, आणि बोलला तर बायकी म्हणून चिडवला जाई. पडद्यावर एका मुलानं ती भीती सगळ्यांसमोर मांडली आणि तरी तो नायक राहिला. मुलांच्या विनोदानं काय करायचं असतं, तर हे. मुलाला ज्याची लाज वाटते ते त्याच्या हातातून हळूच काढून घ्यायचं, सगळ्यांना दाखवायचं आणि सगळ्यांनी मिळून हसून ते हलकं करायचं. मुलाला हसायचं नाही. हा फरक ज्या लेखकाला कळतो तो मुलांचा लेखक, बाकीचे मुलांना वापरणारे.

शंकर नाग ३० सप्टेंबर १९९० ला अपघातात गेले. पस्तिशीतच होते.

त्याच वर्षी मराठीत ‘गोट्या’ आला. ना. धों. ताम्हनकरांची ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीनं वाचलेली. राजदत्त यांनी ती मालिकेत आणली आणि जॉय घाणेकर गोट्या झाला. तोवर मी गोट्याच्या वयाचा राहिलो नव्हतो, पण धाकटी भावंडं होती आणि त्यांच्या मागे बसून मी प्रत्येक भाग पाहिला. ‘गोट्या’ सगळीच विनोदी नाही. त्यात अनाथ मुलाचं दुःख आहे, चांगुलपणा आहे, थोडा जास्तच आहे असं आज वाटू शकेल. पण त्यातल्या खोड्या खऱ्या होत्या आणि त्यांची भाषा मराठी होती, आमच्या खोलीतली कुठलीही आजी अडणार नाही अशी. सगळं बोलणं समजून आज्या पहिल्यांदा सबंध मालिका पाहत होत्या. मला त्या दिवसांत वाटत होतं की आता सुरुवात झाली, आता अशा खूप येतील.

तशा फार आल्या नाहीत. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगायला हवं, कारण आठवणींच्या भरात आपण त्या काळाला नको इतकं श्रीमंत करून टाकतो. मुलांसाठीच्या मराठी विनोदी मालिका थोड्याच होत्या. आपला फास्टर फेणे, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, दूरदर्शनवर आला तो १९८७ मध्ये हिंदी बोलत. सुमीत राघवननं त्याचं काम झक्क केलं, सायकल होती, धावपळ होती, राम वाईरकरांच्या चित्रांतला तो किडमिडीत पोरगा समोर उभा राहिल्याचा आनंद होता. पण पुस्तकातल्या फाफेच्या मराठीत जी चव आहे ती हिंदीत कुठून येणार? आमच्या वाचनालयातली फास्टर फेणेची पुस्तकं त्या महिन्यांत हातोहात जात होती हे मात्र खरं. मालिका बघून पोरं पुस्तकाकडे वळत, आणि पुस्तक वाचून मालिकेतल्या चुका काढत.

आणि बोक्या सातबंडे तर आमच्याकडे टीव्हीवाचूनच आला. प्रभावळकरांनी तो आधी आकाशवाणीसाठी लिहिला, मग पुस्तकांत आणला, आणि पडद्यावर त्याचा चित्रपट झाला तो २००९ मध्ये. ज्या माणसाला आम्ही नकलेतून चिमणराव म्हणून ओळखलं, त्यानंच मुलांसाठी असा एक पोरगा लिहावा ज्याची खोडी नेहमी कुणाच्या तरी भल्यासाठी असते, याचं मला फार अप्रूप आहे. त्याआधी २००१ मध्ये अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झालं. पुन्हा प्रभावळकर, त्यांच्याच ‘अनुदिनी’वरून, केदार शिंदे यांचं दिग्दर्शन. तोवर नांदगावात केबल आली होती आणि प्रत्येक घरात आपापला टीव्ही होता. आबा आणि शिऱ्या यांची आजोबा-नातवाची जोडी मुलांनी उचलून धरली. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात भा. रा. भागवत म्हणून कोण दिसले? प्रभावळकरच. एवढ्या सगळ्या पिढ्यांच्या मराठी मुलांचं हसू एका माणसाभोवती इतकं गोळा व्हावं, हा त्यांचा मोठेपणा आहेच. पण बाकीच्यांनी हे काम किती कमी केलं, हेही त्यातून दिसतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते ती सांगतो. त्या सुरुवातीच्या वर्षांतलं बरंचसं काम उरलेलंच नाही. चित्रफीत महाग होती, म्हणून एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमावरच नवा कार्यक्रम चित्रित व्हायचा आणि जुना पुसला जायचा. कुणाच्या मनात दुष्टावा नव्हता. टीव्ही म्हणजे आज दाखवून संपणारी गोष्ट, असंच तेव्हा सगळे समजत. चित्रपट जपण्यासाठी देशानं १९६४ मध्येच पुण्यात संग्रहालय उभारलं होतं, टीव्हीच्या वाट्याला तसली काळजी फार उशिरा आली. ‘चिमणराव’चे मोजके अंश आज पाहायला मिळतात, बाकीचा चिमणराव पाहणाऱ्यांच्या डोक्यात आहे. आणि पाहणारेही आता थकत चालले. गुंड्याभाऊ साकारणारे बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले, वयाची नव्वदी पार करून. त्या दिवशी मी मुंबईच्या थोरल्या मामेभावाला फोन केला. तोही आता आजोबा झाला आहे. फोनवरच त्यानं तो आवाज काढून दाखवला, आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा लावल्या, त्यासाठी डीडी रेट्रो नावाची वाहिनीही काढली. त्या दिवसांत घरातल्या पोरांना घेऊन मी ‘मालगुडी डेज’ बघायला बसलो. मला भीती होती की संथ म्हणून ती उठून जातील. सुरुवातीला चुळबुळ झाली. पण तो चोराचा भाग लागला आणि स्वामी बाकाखाली शिरला तशी सगळ्यांत धाकटी माझ्या मांडीवर सरकली. चावा घेतला तेव्हा ती जे हसली ते हुबेहूब तेच हसणं होतं जे मी अण्णांच्या खोलीत ऐकलं होतं. त्यामुळे “हल्लीच्या मुलांना असलं आवडत नाही” हे वाक्य मी मानत नाही. मुलांना आवडतं. कुणी त्यांच्यासाठी करत नाही.

हल्ली आमच्याकडची मुलं शिनचान आणि डोरेमॉन हिंदीत पाहतात, मोटू-पतलू पाहतात, आणि खेळताना हिंदीत भांडतात. त्यातल्या पहिल्या दोन जपानी मालिकांत काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही. डोरेमॉनमधल्या नोबिताच्या घरची आई, शाळेतला गृहपाठ, गल्लीतला दांडगट पोरगा, हे सगळं त्या लोकांनी त्यांच्या मुलांच्या जगण्यातून मन लावून उचललं आहे. दुःख आहे ते आपण आपल्या मुलांच्या जगण्यातून काही उचललं नाही याचं. मराठी वाहिन्यांवर विनोदाची चलती आहे, घराघरांत मुलं मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून ते कार्यक्रम पाहतात. त्यात गुणी नट आहेत, गावाकडून आलेली अस्सल माणसं आहेत. पण काही ठिकाणी कुणाच्या रंगावर, कुणाच्या जाडीवर, पुरुषाच्या साडीवर हशा काढला जातो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात तोच हशा एखाद्या सावळ्या किंवा जाड मुलाच्या वाट्याला येतो. मुलं नक्कल करणारच, आम्हीही केली. प्रश्न आहे तो त्यांच्या पुढ्यात नकलेसाठी काय ठेवलं आहे, एवढाच.

मला नेहमी वाटतं, नांदगावासारख्या गावात घडणारी मुलांची एक मराठी मालिका हवी होती. अजूनही हवी आहे. स्टेशनमास्तरची मुलगी, हमालाचा मुलगा, मार्केट यार्डातल्या आडत्याचा नातू, ऊसतोडीला आईबाप गेले म्हणून आजीकडे राहिलेला एखादा. टँकर येतो त्या दिवशीची धांदल. नस्तनपूरला शनीच्या दर्शनाला गेलेलं कुटुंब आणि चपलांची अदलाबदल. पॅसेंजरमध्ये तिकीट नसलेली बकरी. पहिल्या पावसात लेंडीला पाणी आलं म्हणून मास्तरांनी सोडलेली शाळा. अहिराणीत सुरू होऊन मराठीत संपणारी आणि रागावल्यावर परत अहिराणीत जाणारी भांडणं. यातलं एकही मला कल्पनेनं रचावं लागलेलं नाही, गावात आठवडाभर डोळे उघडे ठेवून फिरलं तर हे सगळं भेटतं. नारायणांनी एका न दिसणाऱ्या गावातून सारा देश हसवला. आपल्याकडे तर दिसणारी गावं तालुक्या-तालुक्याला आहेत, आणि आता वाटेत डोंगरही आडवा नाही, कारण प्रत्येक खिशात पडदा आहे.

हे काम मोठ्या वाहिनीनंच केलं पाहिजे असं नाही, पण दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीनं ते पुन्हा हाती घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिच्याजवळ या कामाचा वारसा आहे आणि जाहिरातदाराच्या तोंडाकडे बघण्याची तिला इतरांइतकी गरज नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना बोलवा, तालुक्याच्या शाळांतली नाटकं बसवणाऱ्या शिक्षकांना बोलवा, पोरं मिळतील. आणि वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी त्या काळात व्हीसीआर होता, त्यांनी माळ्यावर एकदा चढून बघावं. लग्नाच्या आणि सिनेमांच्या कॅसेटींमध्ये कुणी हौसेनं मुद्रित केलेला ‘गोट्या’चा एखादा भाग, ‘किलबिल’चा एखादा तुकडा निघू शकतो. बुरशी आलेली असली तरी ती कॅसेट भंगारात देऊ नका. अशा कॅसेटी साफ करून त्यांच्या डिजिटल प्रती काढून देणारी माणसं अजून आहेत. प्रत निघाली की ती दूरदर्शनला कळवा, आणि घरातल्या मुलांना आधी दाखवा.